छपरावरची सदाजीवी

आल्प्स पर्वतांतील खडकांच्या फटींत सेंपरव्हायव्हम, म्हणजे 'सदाजीवी', नांवाची मांसल पानांची वनस्पति वाढते. ही वीज अडविते या समजुतीनें युरोपांत तिला छपरावर लावीत. माळ्यानें ती आपल्या घरावर ठेवावी, असें इ. स. ८०० च्या सुमाराच्या, शार्लमेनच्या काळच्या आज्ञापत्रांतहि आहे. समजूत भाबडी, पण जागा अचूक! छपरावर पाणी ठरत नाहीं. बर्फाखालीं महिनोन्महिने दडपलेली सदाजीवी थंडीनें मरत नाहीं. उन्हाळ्यांत पानांतल्या सांठ्यावर तगते. मरते ती मुळांशीं सांचलेल्या ओलीनें. हौशी लोक मायेनें रोज पाणी घालतात, तेथेंच घात होतो. खडी मिसळलेली, बेताच्या कसाची, उतरती जमीन तिला पुरे. फुलोरा येऊन गेलेला पानांचा गेंद वाळतो. त्याचें दुःख नको. भोंवतीं पिलें फुटलेलीं असतात, तीं काढून खडींत नुसतीं टेकविलीं तरी मूळ धरितात.