अमेरिकेत न जन्मलेला पक्ष



अध्यक्षीय भाषणात राज्यशास्त्राच्या वर्षभरातल्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी आज कधी जन्मालाच न आलेल्या एका पक्षाविषयी बोलणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आडेनॉअर आणि इटलीत दे गास्पेरी यांनी ख्रिस्ती लोकशाही पक्ष सत्तेवर आणले. अमेरिकेत तर चर्चला जाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. मग तिथे असा पक्ष का उभा राहिला नाही?

वर्गात आपलं उत्तर ठरलेलं असतं: एका मतदारसंघात एकच विजेता, म्हणून दोनच पक्ष. डुव्हर्जरचा नियम. हे उत्तर खोटं नाही, पण आळशी आहे. नॉर्थ डकोटात १९१५ साली शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग काढली. वेगळा पक्ष न काढता त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, आपले उमेदवार उतरवले, १९१६ साली गव्हर्नरपद जिंकलं आणि १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक उघडली. ती आजही चालू आहे. तिसऱ्या पक्षाला वाट नव्हती हे खरं. पण पक्षात शिरून तो ताब्यात घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती.

विचारांचीही वानवा नव्हती. शेजारच्या मिनेसोटात वाढलेले कॅथलिक धर्मगुरू जॉन रायन यांनी १९०६ सालीच मांडलं होतं, की कुटुंब सन्मानाने जगेल इतकं वेतन हा कामगाराचा हक्क आहे. १९१९ साली कॅथलिक बिशपांच्या नावे निघालेला सामाजिक पुनर्रचनेचा कार्यक्रम त्यांच्याच लेखणीतला. किमान वेतन, आजारपण, बेकारी आणि म्हातारपणासाठी विमा, कारखान्याच्या कारभारात कामगारांचा सहभाग. हे सगळं रूझवेल्टच्या ‘न्यू डील’आधी चौदा वर्षं! प्रोटेस्टंटांकडे धर्मगुरू राउशेनबुश होते, त्यांचीही तळमळ तीच.

अडलं ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या परस्पर अविश्वासापाशी. १९२८ साली अल स्मिथ हा कॅथलिक डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार झाला, तेव्हा पोपच्या तंत्राने चालणारा अध्यक्ष नको म्हणत दक्षिणेतल्या कितीतरी प्रोटेस्टंटांनी पाठ फिरवली. टेक्सासने तर प्रथमच रिपब्लिकन उमेदवार निवडला. त्या दक्षिणेत देवळाइतकाच वर्णभेदही पवित्र होता. त्याला हात न लावता असा पक्ष उभा राहिला असता, तर तो नावापुरताच ख्रिस्ती ठरला असता.

पुढे रूझवेल्टने बिशपांच्या कार्यक्रमातला बराच भाग उचलला आणि रायन त्यांचे पाठीराखे झाले. रेडिओवरून गर्जणारे फादर कॉगलिन मात्र १९३६ साली तिसऱ्या पक्षाच्या मागे लागले. पुढे ते ज्यूद्वेषाच्या गर्तेत गेले, तो भाग वेगळा. त्यांचे उमेदवार होते लेम्के, त्याच नॉनपार्टिझन लीगचे नेते! अध्यक्षपदासाठी त्यांना जेमतेम दोन टक्के मतं पडली. त्याच दिवशी नॉर्थ डकोटाने त्यांना रिपब्लिकन म्हणून प्रतिनिधिगृहात परत पाठवलं. डुव्हर्जर आणि त्याला अपवाद, दोन्ही एकाच मतपेटीत.

कॅथलिक आणि इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट एकत्र आले, पण गर्भपाताला मुभा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालानंतर आणि रेगनच्या छत्राखाली. तोवर वेतन आणि विमा चर्चेतून गेले होते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी मुलांच्या आरोग्यविम्याचा कायदा करणारे आणि गर्भपाताचे कट्टर विरोधक. जर्मनीत, बॉनमधल्या ख्रिस्ती लोकशाही सरकारात ते सहज मंत्री झाले असते; १९९२च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांना भाषणही करू दिलं गेलं नाही.

माझ्या मते ही कॅथलिक-प्रोटेस्टंट युती मुहूर्त टळल्यावर जुळली. १९२८च्या आधी ती झाली असती आणि प्रायमरीच्या वाटेने गेली असती, तर किमान मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत ती रुजली असती. प्राध्यापक सहकाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या सत्रात डुव्हर्जर शिकवाल, तेव्हा सोबत नॉर्थ डकोटाही शिकवा, आणि बिशपांचा १९१९चा कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या हाती द्या.