उंदरांचे खाणे आणि कामगाराचे ताट



युनियनच्या माणसाने मजुरीवर बोलावे, प्रयोगशाळेतील उंदरांच्या आहारावर कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. परंतु आमच्या किमान वेतनाच्या हिशेबाची एक वाट उंदरांच्या पिंजऱ्यावरून गेली आहे. तेवढीच आपणांस दाखवावयाची आहे.

प्रथम उंदीर खातो काय ते पाहू. पांढरा छोटा उंदीर दिवसाला सुमारे 3 ते 5 ग्रॅम खातो. गुरांच्या गोळीपेंडीसारख्या कडक कांड्या त्याला देतात. कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजले पाहिजेत. या कांडीत प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे सारे मोजून घातलेले असते. खाणे रोज बदलले तर उंदरात दिसलेला फरक औषधाचा की खाण्याचा, हे कळणार कसे? म्हणून 1993 साली अमेरिकेत ठरलेल्या एका प्रसिद्ध प्रमाणात दोन आहार सांगितले आहेत. नुसते जगावयाचे असेल तर किलोमागे 140 ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन. आणि वाढते पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी असेल तर 200 ग्रॅम. हे दोन आकडे कृपा करून ध्यानात ठेवा. एक गंमतही सांगतो : उंदीर क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतो. आपल्या भागातील संत्र्याची त्याला गरज नाही. ती आपल्याला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना शीख, पठाण, मराठा, बंगाली, मद्रासी असे निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घातले. शीख जेवणावरच्या उंदरांचे सरासरी वजन भरले 235 ग्रॅम, मराठी जेवणावर 225, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या मद्रासी जेवणावर 155. यात कोणी छाती फुगवू नये आणि कोणी मान खाली घालू नये. उंदीर सगळे एकाच जातीचे होते. फरक रक्ताचा नव्हता, ताटाचा होता.

दुसरे नाव लुसी विल्स बाईंचे. त्या 1928 साली मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गरीब गरोदर स्त्रियांचे, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायांचे रक्त इतके का आटते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी उंदरांना निकृष्ट आहार घातला. उंदरांचे रक्त कमी झाले, आणि खाण्यात यीस्ट मिसळले तेव्हा ते टळले. पण उंदरांच्या अंगावरील उवांतून एक जंतू पसरत होता आणि त्यानेही रक्त कमी होत होते, असे पुढे दिसले. बाईंनी प्रश्न सोडला नाही. माकडांवर प्रयोग केले, रुग्ण स्त्रियांना यीस्टचा अर्क दिला आणि 1931 साली निष्कर्ष छापले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर ज्या गोळीतून ते मिळते, त्या गोळीच्या मागे मुंबईच्या गिरणीकामगार बाया उभ्या आहेत.

मॅकॅरिसननंतर कुन्नूरला वॉलेस आयक्रॉइड आले. त्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील पोषणमूल्यांचे कोष्टक तयार केले. 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची जी कसोटी ठरविली, तीत अन्नाची गरज याच आयक्रॉइडच्या शिफारशीवरून मोजावी, असे लिहिले. कुटुंब धरले तीन घटकांचे. प्रचलित हिशेबात कमावता पुरुष 1, बायको 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी किमान वेतनाचा 25 टक्के भाग धरावा, असे सांगितले.

आता ते दोन आकडे आठवा. गाभण उंदरीला 140 चे 200 करतात. आमची बाई मात्र गरोदर असो, पाजती असो, कारखान्यात आठ तास उभी असो, हिशेबात ती 0.8 च! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद गरोदर स्त्रीला रोज 350 आणि पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने 600 कॅलरी जास्त सांगते. त्या कॅलरी मजुरीच्या कागदावर कोठे आहेत?

कारखानदार म्हणेल, "उंदीर चार, मजूर चारशे, कोठून आणू?" त्याला आमचे उत्तर असे की, उंदराची कांडी आम्ही मागत नाही, शास्त्राने आमच्याच बायांच्या दुखण्यातून जे शोधले, ते आमच्या हिशेबात धरा, एवढेच मागतो. आणि कॅलरी नुसत्या भात-साखरेनेही भरतात. म्हणून करार करताना एकूण कॅलरीवर सही करू नका. डाळ किती, दूध किती, पालेभाजी किती, हे विचारा. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि आंबाडीची भाजी आपल्या आज्यांना माहीत होतीच. प्रश्न ते रोज परवडण्याचा आहे.

कळमेश्वरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या भावाबहिणींनी पुढच्या मागणीपत्रात हे एक कलम घालावे, आणि जे कामगार नाहीत त्यांनी ते वाजवी आहे की नाही, हे आपापल्या घरच्या ताटावरून ठरवावे.