माझ्या कथेतली मुलगी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'लेखिका' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी मुद्दाम खोकलं. बरोबरच आहे. पगार मला अजूनही सॉफ्टवेअरचाच मिळतो. दिवाळी अंकांत चार कथा छापून आल्या, त्यांचं सगळं मानधन आजच्या वर्गणीपेक्षा कमी भरेल. पण लिहिण्याबद्दल बोल असं सांगितलंय, म्हणून बोलते.

आपण मार्च १९९८ मध्ये दहावीची परीक्षा दिली तेव्हा आपला जिल्हा अकोला होता. वाशिम जिल्हा झाला त्याच वर्षी १ जुलैला. त्याआधी, आपण आठवीत असताना, 'राघववेळ' या कादंबरीसाठी नामदेव कांबळे यांना १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाशिमच्या शाळेत आधी चौकीदार आणि मग शिक्षक झालेला आपल्याकडचाच माणूस. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपली लेखकाची कल्पना काय होती? धड्याच्या वर चौकटीत ज्याचं नाव छापलेलं असतं तो. त्यात मृत्यूचं साल दिलेलं असलं की लेखक अधिक खात्रीचा! वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, तिथल्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लिहिलं, हेही मला फार उशिरा कळलं. ते काव्य आज मिळत नाही. दुसऱ्यांनी आपल्या ग्रंथांत घेतलं तेवढंच उरलं.

गणितात मार्क बरे होते म्हणून मी इंजिनिअर झाले, त्याचं मला दुःख नाही. त्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण झालं. लिहायला लागले अडतिसाव्या वर्षी, पहाटे पाच ते साडेसहा. साडेसहानंतर डबे, आणि रात्री अमेरिकेचे कॉल.

कोडचं एक बरं असतं. बिघडलं तर मशीन सांगतं, पुष्कळदा ओळीच्या नंबरासकट. शिवाय माझी प्रत्येक ओळ दुसरं कोणीतरी तपासतं, मगच ती पुढे जाते. कथा मात्र काही बोलत नाही, नुसती पडून राहते. नवरा वाचून "छान आहे" म्हणतो आणि गॅस बुक केला का ते विचारतो.

सगळ्यात जास्त छळलं ते भाषेनं. वीस वर्षं पुण्यात राहिल्यावर हात आपोआप पुस्तकी मराठी टाइप करतो. माझी म्हातारी पाणी भरायला निघायची वऱ्हाडी आणि विहिरीवर पोचेपर्यंत सदाशिव पेठेतली व्हायची. मग उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा वाचली. १९६० ची कादंबरी, माणसं आपल्या वऱ्हाडीत बोलतात आणि कुठेही विनोदी वाटत नाहीत. आपली बोली म्हटली की लोकांना हसूच यायला हवं, असा एक समज झालाय, त्याचा मला मनापासून राग येतो. तेव्हापासून मी प्रत्येक संवाद आईला फोनवर वाचून दाखवते. "असं कोनी बोलत नाई," एवढंच ती म्हणते. त्याहून चांगली तपासणी मला ऑफिसात मिळालेली नाही.

आता ज्या कथेबद्दल बोलायचं आहे ती. नववीत आपण मुली एकवीस होतो. दहावीच्या फोटोत सतरा आहेत. त्या चौघींपैकी एक दिवाळीनंतर आलीच नाही, तिचं लग्न ठरलं होतं. एके दिवशी ती माझी भूमितीची वही परत करायला आली आणि वर्गात न येता खिडकीशी उभी राहिली. तिच्यावर मी कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, तरी या सभागृहात ती कोणालाही ओळखू आली असती. त्यामुळे कथा दोन वर्षं पाठवली नाही. लेखकाला स्वातंत्र्य असतं हे मला मान्य आहे, पण पोरगी तिची, सासर तिचं, गावात राहायचं तिला.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले आणि सबंध कथा तिला वाचून दाखवली. ती गहू निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, "आमची म्हैस काळी नोयती वं, भुरी होती." शेवटपर्यंत ऐकल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"सारं राहू दे. पन मी खिडकीपाशी रडली असं लिहू नोको. मी काई रडली नाई."

मला तर ती रडलेली स्पष्ट आठवते. माझी सगळी कथा त्या रडण्यावर उभी होती. घरी येऊन तीन महिने मी तो प्रसंग लिहीत होते. न रडणारी मुलगी खिडकीशी उभी राहून करेल काय? वही देईल, मग? आता ती विचारते, "पुढचं प्रमेय झालं का?" आणि वर्गातली मुलगी हो म्हणते. कथा पूर्वीपेक्षा दीड पानानं लहान झाली. यंदा दिवाळी अंकाला पाठवली आहे, घेतात की परत येते ते बघू.

आज हे सांगू का, हेही मी तिला विचारलं होतं. "सांग, पन नाव घेऊ नोको," म्हणाली. तिलाही निमंत्रण होतं, पण सोयाबीन काढणीला आलंय. तुमच्यापैकी कोणाला तो खिडकीचा दिवस आठवत असेल, तर कृपा करून जेवणाच्या वेळी मला काही सांगू नका.