मार्सेल्सचे समुद्रकिनारे

मार्सेल्स हें नांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली ती याच बंदरांत. त्या काळीं मुंबईहून विलायतेस निघालेले कित्येक उतारू येथेंच बोट सोडीत आणि आगगाडीनें उत्तरेकडे जात. त्यांच्या लेखीं हें शहर म्हणजे धक्का आणि स्टेशन यांमधला रस्ता. आज मात्र फ्रान्सच्या सहलीस गेलेलें कुटुंब तेथें दोनचार दिवस मुक्काम करतें, आणि मग पहिल्याच सकाळीं प्रश्न उभा राहतो : समुद्रावर जावयाचें खरें, पण कोठें ?

कोंकणच्या किनाऱ्यावर वाढलेला मनुष्य अशा वेळीं आधीं तिथि पाहील. भरती केव्हां, ओहोटी केव्हां, हें कळल्यावांचून तो पाण्यांत पाय घालणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. कारण मुंबईस उधाणाच्या दिवशीं पाणी ४ मीटरांहूनही अधिक चढतें-उतरतें. भूमध्य समुद्राची गोष्ट निराळी. तो जवळजवळ सर्व बाजूंनीं जमिनीनें वेढलेला असल्यामुळें मार्सेल्सला भरती-ओहोटींत पाण्याचा फरक हातभर पडतो न पडतो. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील डोंगरांची उंची ज्या शून्यापासून मोजतात, तें शून्यही याच शहराच्या किनाऱ्यावरील सागरमापक यंत्रानें १८८५ पासून केलेल्या नोंदींवरून ठरविलेलें आहे. तेव्हां येथें पंचांग मिटून ठेवावें आणि वारा पाहावा.

या वाऱ्याचें नांव मिस्त्राल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून तो वायव्येकडून खालीं येतो. थंड, कोरडा आणि कधींकधीं तासाला १०० किलोमीटरांहूनही वेगवान. तो सुटला म्हणजे आकाश स्वच्छ निळें होतें, ऊन लख्ख पडतें आणि खिडकींतून पाहणाऱ्या परक्या माणसाला वाटतें, समुद्रस्नानास याहून चांगला दिवस कोणता ! फसगत होते ती येथेंच. मिस्त्राल किनाऱ्याजवळचें तापलेलें वरचें पाणी ढकलून खोल समुद्राकडे नेतो आणि त्याची जागा भरून काढण्यासाठीं तळाचें थंड पाणी वर येतें. ऐन उन्हाळ्यांत २३-२४ अंशांवर असलेलें पाणी अशा वेळीं एकदोन दिवसांत १६ अंशांच्या आसपास उतरूं शकतें. ऊब पाहून उडी घेणाऱ्याचा श्वास तेथें अडखळतो. वृद्धांनीं आणि हृदयविकार असलेल्यांनीं तर ही गोष्ट विसरूंच नये.

वारा पडलेला असेल आणि बरोबर लहान मुलें असतील, तर शहराच्या पोटांतले किनारे पुरेसे आहेत. जुन्या बंदरापासून पायीं वीस मिनिटांच्या आंतबाहेर कातालां हा वाळूचा लहानसा किनारा आहे. त्याच्या पुढें प्रोफेत. तेथें पाणी उथळ, म्हणून मुलेंबाळें असलेलीं कुटुंबें तोच पसंत करतात. त्याहून पुढें प्रादोचे विस्तीर्ण किनारे लागतात. ते निसर्गाचे नव्हेत. १९७७ मध्यें सुरू झालेल्या भुयारी रेल्वेसाठीं जी माती आणि दगड उपसले, त्यांची भर समुद्रांत घालून ते तयार केले. हिरवळ तेथें भरपूर. पायांखालीं मात्र पुष्कळ ठिकाणीं गोटे, म्हणून वहाणा हव्यात. मिस्त्राल सुटला कीं हे किनारे त्याच्या तोंडीं सांपडतात. शिडाच्या फळ्यांवर स्वार होणाऱ्या तरुणांना तो सण असतो, स्नान करणाऱ्यांना नव्हे. मोठा पाऊस झाल्यावरही प्रादोपासून दूर राहावें. एरवीं अन्यत्र वळविलेली युवोन नदी त्या वेळीं तेथेंच समुद्राला मिळते व पाणी दूषित होतें. जांभळें निशाण दूषित पाण्याची खूण, लाल निशाण स्नानबंदीची. दोन्हींचा अर्थ मुलांना आधींच सांगून ठेवावा.

शहराच्या दक्षिणेस चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमधून समुद्राचे चिंचोळे हात आंत शिरले आहेत. त्यांना कालांक म्हणतात. सोर्म्यू, मोर्ग्यू, सूजितों हीं त्यांचीं नांवें. हे कडे मिस्त्राल पाठीवर झेलतात, म्हणून तेथें बसावयास सुख. परंतु वर सांगितलेलें थंड पाणी नेमकें याच बाजूस वर येतें. अशा दिवशीं कालांक पाहावे, पोहण्याचा आग्रह धरूं नये. उलट आग्नेयेचा वारा असतां लाटा थेट कालांकांत शिरतात आणि शहराचा उपसागर त्या मानानें शांत राहतो. १ जून ते ३० सप्टेंबर या काळांत वणव्याचें भय असल्यास या डोंगरांत जाण्यास मनाई होते. म्हणून आदल्या संध्याकाळीं चौकशी करावी, आणि पिण्याचें पाणी घरूनच न्यावें.

सूजितोंची कथा विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गर्दीच्या दिवसांत तेथें २५०० पर्यंत माणसें उतरूं लागलीं. त्यांच्या पायांनीं माती सैल होऊन घसरली, पाइन वृक्षांचीं मुळें उघडीं पडलीं आणि नवीं रोपें रुजेनाशीं झालीं. २०१२ मध्यें स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय उद्यानानें २०२२ च्या उन्हाळ्यापासून उपाय योजला : ठराविक दिवशीं ४०० जणांनाच प्रवेश, आणि त्यासाठीं आगाऊ नोंदणी. तिला पैसा पडत नाहीं. परंतु नोंदणीवांचून गेलेल्यास दंड होतो.

तेव्हां सर्वांत सुंदर किनारा कोणता, असें विचारून निघूं नये. आज वारा कोणता, बरोबर कोण आहे, आणि तेथें आणखी चार माणसांना खरोखर जागा आहे काय, हे तीन प्रश्न न्याहारीच्या वेळींच सोडवावेत. उत्तर प्रतिकूल आलें, तर जुन्या बंदराच्या कांठीं सकाळचा मासळीबाजार पाहावा. मिस्त्राल कांहीं दिवसांत ओसरतो, आणि पाणी पुन्हां हळूहळू ऊब धरतें.