आधी टॅली दाखवा
(युवक शिबिरातलं भाषण)



मला विषय दिलाय करिअर मार्गदर्शनाचा. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटदाराच्या हाताखाली माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. मार्गदर्शन करायचा माझा वकूब नाही. पण ज्यांनी मला मार्गदर्शन केलं त्यांच्याकडे हिशोब मागायचा हक्क आहे. तो मागतो.

ही कल्पना मुळात गरिबांसाठीच निघाली. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्सने १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी काढली, ती बाहेरदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. त्याचं सांगणं सरळ होतं. स्वतःला ओळख, कामधंद्यांची माहिती घे, दोन्हींचा मेळ बसव. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजं सुरू झाली. लढाईतून सुटलेल्या शिपायांना, कामगारांना काम मिळावं म्हणून. पुढे १९५९ च्या कायद्याने मालकावर सक्ती केली की रिकामी जागा एक्स्चेंजला कळवायची. पण माणूस तिथूनच घ्यायची सक्ती? ती नाही केली. जागा आहे एवढं सांगा, झालं! आपले बाप कार्ड रिन्यू करत राहिले. कार्डं पिवळी पडली.

मग आली चाचणी. २०१६ पासून सरकारने काही वर्षं दहावीच्या पोरांची कल चाचणी घेतली. सात क्षेत्रं होती. माझा कल निघाला ललित कलेकडे. आमच्या खोलीत तेव्हा आईने उसनवारीचा हिशोब लिहायला ठेवलेली एक वही होती, तिच्या मागल्या पानांवर मी लिहायचो. ती माझी ललित कला. तो कागद घेऊन एका शिबिरात गेलो. तिथल्या साहेबाने कागद उलगडलाच नाही. फॉर्मवरचं आडनाव वाचलं, पत्ता वाचला आणि म्हणाला, "फिटर हो." फिटर होण्यात कमीपणा नाही, आयटीआयने आपली कित्येक घरं उभी केलीत. पण शेजारच्या पोराला, मार्क माझ्याएवढेच, त्याने विचारलं, "तुला काय व्हायचंय?" मला विचारलं नाही.

आणि कल म्हणजे तरी काय? जे डोळ्यांनी पाहिलं त्यातलंच माणूस निवडतो. ज्याने आर्किटेक्ट पाहिलाच नाही तो त्या रकान्यात टिचकी कशी मारणार? चाचणी आवड मोजते. आवडीला वाट मिळाली की नाही ते मोजत नाही.

आता हिशोबाचं. हे लोक यश कसं मोजतात? शिबिर संपताना कागद वाटतात: समाधान झालं का? वडापाव खाल्लेला पोरगा 'हो' लिहितो. आमच्या गोदीत बोटीवरून किती पोती सुटली ते टॅली क्लार्क लिहितो आणि शेडमध्ये किती पोचली तेही लिहितो. दोन आकडे जुळले नाहीत तर बोंब होते. इथे फक्त सुटलेली पोती मोजतात. पोरगा सहा महिन्यांनी कुठे आहे? दोन वर्षांनी? 'नोकरी लागली' म्हणजे मॉलमध्ये एक महिना की पीएफ कापणारी जागा? ज्यांचा फोन लागत नाही त्यांना यादीतून उडवतात आणि उरलेल्यांवर टक्के काढतात. साली ही तर चोरी झाली. शिवाय शिबिरात येणारा पोरगा आधीच धडपड्या असतो. तो न येताही लागला असता, हे कसं कळणार? अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाका, आत घेतलेले आणि बाहेर राहिलेले दोन्ही ताफे दोन वर्षं मोजा. मग बोला.

मार्गदर्शन फुकट जातं असं मी म्हणत नाही. ब्राऊन आणि रायन क्रेन या अमेरिकन अभ्यासकांनी २००० साली पुष्कळ अभ्यास एकत्र तपासून पाच गोष्टी कामाच्या ठरवल्या: स्वतः लिहून काढणं, एकेकाला बसवून समजावणं, धंद्याची खरी माहिती, त्या वाटेने गेलेली माणसं समोर आणणं आणि पाठीशी आधार उभा करणं. आपल्या वस्तीत यातलं काय येतं? स्लाइड शो येतो.

आणि दाराशी जो उभा आहे त्याचं काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, नाव वेगळं. सवर्ण आडनावाच्या मानाने दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश. मुसलमान नावाला एक तृतीयांश. आता सांगा, मार्गदर्शन पोराला करायचं की मॅनेजरला?

पुढल्या वेळी शिबिरवाले आले की फॉर्म भरण्याआधी गेल्या साली आलेल्यांची यादी मागा. किती आले, किती टिकले, कुठल्या पगारावर, कुठल्या जातीचे. देत नसतील तर आपली आपण करू. मी वही आणलीय. आपल्या चाळींतून कोण कुठल्या शिबिरात बसलं आणि आज काय करतंय, ते आज इथेच लिहायला घेऊ. पत्ता लागत नसेल त्याचंही नाव लिहा, पुढची जागा मोकळी सोडा.