शिळेवरची नावे आणि हयातांचा हक्क



महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावी पहिल्या महायुद्धाची स्मृतिशिला आहे. या एका गावातून १११ जण त्या युद्धावर गेले. त्यांपैकी ६ जण परतले नाहीत. युद्ध साम्राज्याचे होते, शिळेची भाषाही साम्राज्याचीच. तरीसुद्धा त्या सहांना कोणी देशद्रोही म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. कोकणच्या वरकस जमिनीवर ज्यांचे पोट भागत नव्हते, त्यांना मुंबईच्या गिरणीची नाही तर पलटणीची वाट धरावी लागे. कोणाच्या झेंड्याखाली मरावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेलाच नव्हता.

मग हाच न्याय भीमा कोरेगावच्या स्तंभाला का लावला जात नाही? १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची ४९ नावे त्या स्तंभावर आहेत, आणि त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. हा परकीयांच्या विजयाचा स्तंभ, त्याला मानवंदना देणे राष्ट्रविरोधी, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. राष्ट्रवादाची ही मोजपट्टी दिल्लीत मात्र खिशातच राहते. १९३१ मध्ये पूर्ण झालेले इंडिया गेट हे साम्राज्याच्या युद्धांत पडलेल्या हिंदी सैनिकांचेच स्मारक होय. स्वतंत्र भारताने त्याच कमानीखाली १९७२ मध्ये अमर जवान ज्योत पेटविली आणि ती २०२२ पर्यंत तेथे तेवत राहिली. शिळा कोणी उभारली हा खरा आक्षेप असता, तर तो तेथेही घेतला गेला असता. आक्षेप आहे तो मानवंदना देणाऱ्याच्या जातीवर.

कोरेगावची लढाई जातिअंताची लढाई नव्हती, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. कंपनीला पुण्याची सत्ता हवी होती, अस्पृश्यांची मुक्ती नव्हे. याचा पुरावा कंपनीच्या वारसदारांनीच पुढे दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. लढवय्या जातींचे नवे शास्त्र सरकारने काढले आणि ज्यांची नावे दगडात कोरली, त्यांच्याच नातवंडांना दाराबाहेर उभे केले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून १८९४ मध्ये त्यांनी विनंतीपत्र तयार केले. त्यांची मागणी स्मारकाची नव्हती, रोजगाराची आणि माणूस म्हणून समान वागणुकीची होती.

डॉ. आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला भेट दिली आणि तीन महिने पुरे होण्याच्या आत ते महाडच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून उभे होते. भरतीबंदीने समाजाची काय हानी केली, हा त्या भाषणातला एक प्रमुख मुद्दा होता. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. ते तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने खुले केलेले होते. पण ठराव कागदावर, आणि ज्यांच्या घरांत सुभेदार-जमादार होऊन गेले त्यांना पाण्यावर मज्जाव! पाणी प्यायल्याबद्दल मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय लागायला १९३७ साल उजाडले. कोरेगावच्या स्तंभाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर तो महाडच्या तळ्याकाठी उभे राहूनच.

२०१८ च्या द्विशताब्दीदिनी तेथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा बळी गेला. त्याच्या आदल्या दिवशीच्या पुण्यातील एल्गार परिषदेवरून लेखक, वकील, प्राध्यापक वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच वारले. मृत सैनिकांच्या सन्मानाचा वाद हयात माणसांवर असा उलटविता येतो.

सन्मानाचे राजकारण करणाऱ्यांना आणखी एक हिशेब विचारला पाहिजे. महायुद्धात माणसांची गरज भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. चार वर्षांत सरकारचे काम भागले! २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेची मुदतही चार वर्षांचीच आहे. मूळ योजनेनुसार फार तर चौथा हिस्सा जवान कायम होतील, बाकीचे घरी. कर्तव्यावर मृत्यू आला तर विम्याची व सानुग्रह अनुदानाची एकरकमी रक्कम मिळते. नियमित सैनिकाच्या पत्नीला किंवा आईवडिलांना मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन त्या अटींत नाही. तिरंगा तोच, बंदुकांची सलामी तीच, पुढाऱ्यांचे पुष्पचक्रही तेच. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मात्र एका घरी पैसे येतात आणि दुसऱ्या घरी येत नाहीत. महाड-पोलादपूरच्या गावांतून आजही मुले भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांच्या गावी हुतात्मा स्मारकाच्या कोनशिलेला जो मंत्री येईल, त्याला नारळ फोडण्यापूर्वी या निवृत्तिवेतनाबद्दल कार्यकर्त्यांनी जाहीरपणे विचारावे.