विरजण आदल्या रात्रीच लावायचं

मला विषय दिलाय रॅम माशांच्या घरगुती पैदाशीचा. हा मासा तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी असेल. जेमतेम दोन इंचांचा, पिवळ्या अंगावर निळे ठिपके, डोळ्यातून उभा उतरलेला काळा पट्टा. मूळचा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे व्हेनेझुएला आणि कोलंबियाचा. १९४८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. नर कोणता, मादी कोणती, स्पंज फिल्टर कसा बसवायचा, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते. मला बोलायचंय पिल्लांच्या पहिल्या घासाबद्दल. वेळ त्यातच गेला तर जाऊ दे.

आमच्या पुण्यातल्या वारज्यात माशांचं वेड असलेली मुलं भाजीच्या गाडीपाशी मला गाठतात. "काकू, रॅमनं अंडी दिली!" चेहरा असा, की पेढेच वाटायचे बाकी. मी विचारते, "आर्टेमिया लावलास?" आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, त्याची पिल्लं हेच आपल्या पिल्लांचं पहिलं खाणं. उत्तर ठरलेलं. "पिल्लं निघू देत, मग आणतो." अरे, मग आणून काय उपयोग?

हिशोब मांडून बघा. सोमवारी संध्याकाळी अंडी घातली. पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असलं तर बुधवार-गुरुवारपर्यंत ती फुटतात. पण फुटली म्हणजे पिल्लं पोहायला लागली असं नाही. आणखी चार-पाच दिवस ती तळाशी नुसती वळवळत पडतात, पोटाला लागलेल्या बलकावर जगतात. बलक संपत आला की उठतात आणि पोहू लागतात. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं समोर हवं. म्हणजे तयारीला अख्खा आठवडा मिळतो. तो तुम्ही फोटो काढण्यात घालवता!

आता दह्याचं बघा. उद्या दुपारी पाहुणे जेवायला येणार असतील, तर विरजण कधी लावतो? आज रात्री. पाहुणे चपला काढत असताना दुधात विरजण घालून काय होणार? आर्टेमियाचं तंतोतंत तसंच आहे. लिटरभर पाण्याला दीड-दोन मोठे चमचे मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, खालून हवेचा जोरदार बुडबुडा आणि वर दिवा. चोवीस ते छत्तीस तासांनी केशरी पिल्लं निघतात. घाई करून ती लवकर निघत नाहीत.

थंडीत दही लागत नाही, म्हणून आपण पातेलं गुंडाळून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत वारज्यात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. तेव्हा आर्टेमियाची बाटली गॅलरीत ठेवाल तर दोन दिवस नुसतं मिठाचं पाणी बघत बसाल. ती हीटर असलेल्या टाकीतच उभी करा. आणि दही फार वेळ बाहेर राहिलं की आंबतं ना? आर्टेमियाची पिल्लंही स्वतःचा बलक संपवतात. दिवसभर तशीच ठेवली की त्यांच्यातला कस जातो. म्हणून बाटल्या दोन ठेवायच्या, आज एक लावायची, उद्या दुसरी. ज्या घरात रोज दही लागतं तिथे असंच चालतं, नाही का?

हा आर्टेमिया काही परका नाही बरं का. आज डबे बाहेरून येतात, पण १९५३ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद केली होती.

काही पिल्लांचं तोंड आर्टेमियाहूनही लहान असतं. त्यांच्यासाठी इन्फ्युसोरिया. बरणीत जुन्या टाकीचं पाणी घ्यायचं, हेच तुमचं विरजण, आणि त्यात कोबीचं एक पान टाकायचं. आधी पाणी दुधाळ होतं, वास मारतं. फेकू नका! चार-पाच दिवसांनी ते निवळायला लागतं आणि बारीक जीव दिसू लागतात. चार-पाच दिवस म्हणाले मी. म्हणजे अंडी दिसली त्याच दिवशी ही बरणी लागली पाहिजे. आणि कुणी उकडलेल्या अंड्याचा बलक घाला म्हणालं, तर मान डोलवा आणि घालू नका. त्यानं पिल्लांआधी पाणी नासतं.

पाण्याचंही दोन शब्दांत सांगते. खडकवासल्याचं नळाचं पाणी रॅमला बरं, फक्त क्लोरीन जायला हवं. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं मिसळत असेल, तर ते जड होतं आणि बरीच अंडी पांढरी पडतात. तिथे आरओचं पाणी मिसळा. अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं येतं, तेव्हा बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवा. आणि अंडी घालायला शहाबादीचा किंवा कडप्प्याचा तुकडा टाकू नका. दोन्ही चुनखडीचे दगड, पाणी आणखी जड करतात. काळा, गुळगुळीत नदीतला दगड द्या, नाहीतर मातीची पणती पालथी घाला.

आईबाप अंडी खातात, ही तक्रारही फार येते. पहिल्या खेपेला खातातच. जोडी नवखी असते, शिवाय आपण दर पाच मिनिटांनी काचेला नाक लावतो. दगड वेगळ्या भांड्यात काढून, मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून, हवा देऊन... पण ते सविस्तर सांगायला लागेल आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं उरलीत.

मग पुन्हा पहिलंच सांगते, कारण तुम्ही ते विसरणार. पिल्लं पोहायला लागली की दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं. आर्टेमिया सुती कापडातून गाळून, साध्या पाण्यानं धुऊन द्यायचा. थोड्या वेळानं भिंग लावून बघा. पोट केशरी दिसलं तर पिल्लू जेवलं. नाही दिसलं तर ते उपाशी आहे, मग तुमचं पाणी कितीही स्वच्छ असो. "काकू, पाणी बिघडलं असेल," असं मला सांगायला येऊ नका. आधी पोटाचा रंग सांगा.

महिनाभरानं पिल्लं लहानमोठी निवडायची, जास्तीची कुणाला द्यायची, तेही सांगायचं होतं. राहिलं. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनी आज जेवणं आवरल्यावर एक बाटली लावून बघा. अंडी नसली तरी लावा. आर्टेमिया निघाला तर मोठे मासे आवडीनं खातील, नाही निघाला तर काय चुकलं ते आत्ताच कळेल, पिल्लं उपाशी असताना नव्हे.